ऐकणाऱ्यांचे देणे

माघाची थंडी ओसरत असते, पळसाला फुले धरू लागलेली असतात, परीक्षांच्या आणि शिमग्याच्या तयारीत घरे गुंतलेली असतात, आणि त्या गडबडीत ३ मार्च ही तारीख येऊन जाते. पंचांगात ती कोणत्याही सणाशी कायमची बांधलेली नसते. तरीही या दिवसाला अलीकडे दोन निमित्ते जडली आहेत आणि दोन्ही कानाशी निगडित आहेत. जागतिक आरोग्य संघटना हा दिवस 'जागतिक श्रवण दिन' म्हणून पाळते. ३ आणि ३ हे आकडे शेजारी मांडले की दोन कानांची आकृती दिसते. दुसरीकडे जगभरातले इलेक्ट्रॉनिक संगीतवाले हाच दिवस 'थ्री-ओ-थ्री'चा दिवस म्हणून साजरा करतात. टीबी-३०३ हे रोलँड या जपानी कंपनीचे एक लहानसे यंत्र. तारीख त्याच्या क्रमांकाशी जुळते, म्हणून हा त्याचा मान. त्या दिवशी कुणी जुने ट्रॅक काढून ऐकते, कुणी रात्र जागून नवा ट्रॅक रचते, कुणी मित्रांशी त्यावर तासन्‌तास बोलते. ऐकणे, रचणे आणि बोलणे या तिन्हींवर हे संगीत आजवर तगून आहे. त्या तिन्हींचा ताळेबंद मांडायला आपल्याला याहून चांगला दिवस सापडायचा नाही.

हे यंत्र मुळात फार नम्र हेतूने जन्माला आले. एकट्याने रियाज करणाऱ्या गिटारवादकाला साथीला बेस गिटार हवी, ती या खोक्याने पुरवावी, एवढाच रोलँडचा विचार होता. तादाओ किकुमोतो या अभियंत्याने ते घडवले आणि १९८१ च्या सुमारास ते बाजारात आले. रुपेरी रंगाचा चपटा डबा, खाली एका सप्तकापुरती बटणे, वर ओळीने बसवलेले सहा लहान नॉब. त्यात स्वर एक भरायचा, लय वेगळी भरायची, मग दोन्हींची सांगड घालायची. ही पद्धत इतकी किचकट की भल्याभल्यांनी हात टेकले. शिवाय त्यातून निघणारा आवाज खऱ्या बेस गिटारसारखा मुळीच नव्हता. सुमारे दहा हजार नग बनले आणि १९८४ मध्ये उत्पादन थांबले. कंपनीच्या दृष्टीने ते एक अपयश होते. मात्र जे बाजाराने टाकून दिले ते स्वस्त झाले, आणि जे स्वस्त झाले ते ज्यांच्या खिशात पैसा नव्हता अशा पोरांच्या हाती लागले. या संगीताच्या इतिहासात ही घटना पुनःपुन्हा घडलेली आहे.

शिकागोतल्या तीन कृष्णवर्णीय तरुणांची गोष्ट या वर्तुळात सगळ्यांना पाठ असते. डीजे पिएर, स्पँकी आणि हर्ब जे यांनी 'फ्युचर' नावाचा गट काढला होता. वापरलेले एक ३०३ त्यांच्याकडे आले. ते कसे चालवायचे हे नीट माहीत नव्हते, तेव्हा ते चालू ठेवून पिएर नुसते नॉब पिळत राहिला. आवाज गाळणारा फिल्टर उघडू-मिटू लागला तसा तो स्वर कधी चिरकला, कधी गुरगुरला, कधी पाण्यात बुडून वर आल्यासारखा झाला. त्याची टेप त्यांनी 'म्युझिक बॉक्स' या क्लबच्या डीजे रॉन हार्डीला नेऊन दिली. पुढचे सगळे त्या एका रात्रीत आहे. हार्डीने तो ट्रॅक पहिल्यांदा लावला तेव्हा नाचणारे जागा सोडून निघून गेले. काही वेळाने त्याने तो पुन्हा लावला, मग आणखी एकदा. चौथ्यांदा लावला तेव्हा तीच माणसे बेभान झाली होती. १९८७ मध्ये तो 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' या नावाने बाहेर आला आणि 'अ‍ॅसिड हाउस' नावाच्या एका संपूर्ण शाखेची सुरुवात त्याच्यापासून धरली जाऊ लागली.

आता त्याच्या काही वर्षे आधी, शिकागोपासून हजारो मैल दूर, आपल्या मुंबईत काय चालले होते ते पाहू. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातले मुरलेले वादक. बेस गिटार, गिटार, ट्रान्झिकॉर्ड, जे हाती येईल ते वाजवणारे; मोठमोठ्या संगीतकारांच्या ध्वनिमुद्रणांत बसलेले. त्या पिढीच्या शेकडो वादकांप्रमाणे त्यांचेही नाव तबकडीच्या वेष्टनावर क्वचितच झळकले. परदेशातून त्यांनी तीन नवी यंत्रे आणली: ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३. चित्रपटांत डिस्कोची लाट होती. त्या ठेक्यावर राग वाजवले तर, असे त्यांच्या मनात आले; तबला बाजूला ठेवून त्यांनी सगळा ठेका यंत्राकडे सोपवला. १९८२ मध्ये एचएमव्हीने ती तबकडी काढली. तिचे नाव 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. तिच्यात भैरव आणि ललित आहेत, तोडी आणि मधुवंती आहेत, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आहेत. 'अ‍ॅसिड ट्रॅक्स'च्या पाच वर्षे आधी तेच यंत्र मुंबईत भैरव वाजवत होते.

ही तबकडी आपण सावकाश ऐकली पाहिजे. भैरव लावावा. ८०८ चा ठेका चार मात्रांच्या चौकटीत न थकता चालू असतो. त्याखाली ३०३ चा स्वरांचा पट्टा सोळा घरांत फिरत राहतो आणि त्यांवरून ज्युपिटरवर चरणजित सिंगांची बोटे रागाची वाट चालतात. कोमल रिषभ, कोमल धैवत आपापल्या जागी येतात, ठरवून रेंगाळतात. ३०३ मध्ये 'स्लाइड' नावाची एक सोय आहे: एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी न घेता घसरत जाण्याची. ती योजणाऱ्या अभियंत्याच्या मनात आपली मींड असण्याचे कारण नव्हते. पण मींडेवर पोसलेल्या कानाला त्या घसरणीत ओळखीचे काही सापडते. मालकंस ऐकताना हे अधिक जाणवते. रिषभ-पंचम वर्ज्य असलेला तो पाचच स्वरांचा राग, यंत्राच्या मोजक्या घरांत सहज बसतो आणि त्याच आवर्तनातून त्याचे गांभीर्य वाढत जाते. पुनरावृत्ती म्हणजे कंटाळा, हा समज अशा वेळी गळून पडतो. जपाची माळ ओढणाऱ्या, एकच अभंग तासभर आळवणाऱ्या आपल्या माणसांना तो तसा कधी पटलाही नव्हता.

एवढे असून त्या तबकडीचे काय झाले? विशेष काही झाले नाही. ती आली, फारशी विकली गेली नाही आणि विस्मरणात गेली. २००२ मध्ये एदो बाउमन या नेदरलँड्सच्या संग्राहकाला जुन्या तबकड्या धुंडाळताना ती दिल्लीत सापडली. त्याने चरणजित सिंगांना मुंबईत शोधून काढले आणि २०१० मध्ये आपल्या 'बॉम्बे कनेक्शन' या लेबलवरून ती नव्याने प्रसिद्ध केली. तेव्हा जग चकित झाले. कुणा आधुनिक कलावंताने केलेली ही थट्टा असावी, १९८२ मध्ये मुंबईत असे काही होणे शक्य नाही, अशीही शंका अनेकांनी घेतली. पुढे सत्तरी ओलांडलेल्या चरणजितजींनी युरोपात मंचावर उभे राहून हेच राग याच यंत्रांवर वाजवले. जुलै २०१५ मध्ये ते गेले. आयुष्याच्या शेवटच्या पाच वर्षांत त्यांना श्रोता मिळाला, आणि तोही बहुतांशी परदेशात.

हा एकटाच दाखला असता तर योगायोग म्हणून सोडून देता आला असता. पण त्याही आधी, १९६९ मध्ये, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या पुढाकाराने मूग सिंथेसायझरसह एक इलेक्ट्रॉनिक संगीतशाळा उभी राहिली होती. पखवाज शिकलेल्या गीता साराभाई, गायक अतुल देसाई, तरुण जिनराज जोशीपुरा, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा अशा मंडळींनी तिथे काम केले. १९७२ नंतर ते थांबले. टेपा संस्थेच्या संग्रहात राहिल्या आणि २०१७ मध्ये ब्रिटिश संगीतकार पॉल पुर्गस यांनी त्या शोधून काढल्या. २०२३ मध्ये त्यांतील निवडक रचना प्रसिद्ध झाल्या. म्हणजे एका पिढीच्या आत दोनदा आपल्याकडे यंत्र होते, ते वाजवणारा तयारीचा माणूस होता, नवे करून पाहण्याची हिंमत होती. शिकागोत जे होते आणि आपल्याकडे नव्हते, ते म्हणजे चौथ्यांदा ऐकायला थांबलेली माणसे. रॉन हार्डीसारखा हट्टी वाजवणारा नव्हता आणि परत फिरून आलेले ते नाचणारे नव्हते.

याची खंत अधिक वाटते, कारण ऐकणाऱ्यांची मंडळी जमवणे ही तर आपल्या मातीची जुनी रीत. पुण्याचा भारत गायन समाज, कोल्हापूरचा देवल क्लब, गावोगावची भजनी मंडळे, गणेशोत्सवातल्या आणि नवरात्रातल्या बैठका, सवाई गंधर्व महोत्सवात घोंगडी पांघरून रात्रभर बसलेले श्रोते: गाणे वाढले ते यांच्या बळावर. समेवर मान हलवणारा, चुकले तर भुवई उंचावणारा आणि घरी जाताना टांग्यात वाद घालणारा रसिक हा गवयाइतकाच त्या गाण्याचा धनी होता. भातखंड्यांनी वकिली सोडून देशभर फिरून घराण्यांतल्या चिजा टिपल्या आणि त्यांवर मराठीत ग्रंथ लिहिले. केशवराव भोळ्यांनी, अशोक रानड्यांनी गाण्यावर विचार कसा करावा हे मराठी वाचकाला शिकवले. ही घडी आपल्याकडे होती. यंत्रांतून उमटणाऱ्या नव्या संगीतासाठी मात्र आपण ती अंथरली नाही. ते आपले नव्हे, ते चार श्रीमंत पोरांचे, ते नाचापुरते, असे म्हणून बाजूला सारले.

ज्यांनी हे संगीत घडवले ते त्याला नाचापुरते मानत नव्हते. डेट्रॉइटजवळच्या बेलव्हिल गावातले हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन हे तीन शाळासोबती टेक्नो या इलेक्ट्रॉनिक संगीतप्रकाराचे आद्य रचनाकार समजले जातात. मोटारींचे कारखाने ओस पडत चाललेल्या त्या शहरात ते रात्री रेडिओ ऐकत, दिवे मालवून जर्मन, जपानी आणि अमेरिकन फंक संगीताच्या तबकड्या लावत आणि रचणाऱ्याच्या मनात काय असेल यावर चर्चा करत. आधी ऐकणे, मग बोलणे आणि मग रचणे, असा त्यांचा क्रम होता. आपल्याकडे तर बोलण्याची सामग्री तयारच आहे. आवर्तन, सम, मींड, भरणा, बढत हे सगळे आपण कानाने ओळखतो. टेक्नोच्या एखाद्या लांब ट्रॅकमध्ये सहा-सात मिनिटे एकच आकृती चालू असते आणि फिल्टर इतका हळू उघडतो की बदल झाला कधी ते कळत नाही; विलंबित ख्यालाची बढत ऐकलेल्याला हे समजावून सांगावे लागत नाही. ते मराठीत लिहिले, बोलले गेले, तर हे संगीत परके राहणार नाही आणि त्यातले उणेही अधिक नेमकेपणाने दाखवता येईल.

कारण रचणारे आज आपल्या आसपासच आहेत. पूर्वी सिंगापूर-लंडनहून यंत्र आणावे लागे. आता लॅपटॉपमध्ये ती सारी यंत्रे सामावली आहेत. डोंबिवलीच्या किंवा पिंपरीच्या दोन खोल्यांच्या घरात, सगळे झोपल्यावर, हेडफोन लावून कुणी मुलगा किंवा मुलगी पडद्यावरच्या सोळा चौकटींत किक ड्रमचे ठोके भरत बसते. तिसरी चौकट रिकामी सोडावी की त्यात झांजेची एक हलकी हॅट टाकावी, यावर तास जातो. बेसलाइन किकला धडकू नये म्हणून दोघींच्या मधली जागा कोरून काढावी लागते. हा रियाजच आहे आणि त्याला साक्षीदार नाही. मुंबईच्या सनाया अर्देशिर यांनी 'सँड्यून्स' या नावाने आपली वाट काढली आहे, दिल्लीच्या अर्जुन वागळे यांनी टेक्नोत नाव कमावले. पण प्रत्येक नामवंतामागे अशी कितीतरी निनावी घरे आहेत. त्यांना ऐकवायला जागाही अपुऱ्या. लोअर परळला मथुरादास मिलच्या आवारात २००७ मध्ये सुरू झालेल्या 'ब्लू फ्रॉग'ने कित्येक नव्यांना मंच दिला. २०१६ मध्ये तो बंद झाला. जागा येतात नि जातात. भाडे देणे सगळ्यांच्या हाती नाही. पण नवोदिताच्या गिगला वेळेवर जाणे, पहिल्या दहा मिनिटांत फोनमध्ये तोंड न घालणे आणि संपल्यावर दोन शब्द खरे बोलणे, हे प्रत्येकाच्या हाती आहे.

ऐकण्याचा दुसरा पैलू शरीराचा आहे, आणि श्रवण दिनी तो टाळता येणार नाही. असुरक्षित पद्धतीने ऐकल्यामुळे जगातील शंभर कोटींहून अधिक तरुणांची श्रवणशक्ती धोक्यात आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०२२ च्या ३ मार्चला तिने संगीताच्या जागांसाठी मानके जाहीर केली: आवाजाची सरासरी पातळी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, ती मोजली जावी, कानांत घालायचे बोळे उपलब्ध असावेत, विसाव्याला शांत कोपरा असावा. कानाच्या आतल्या सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या ध्वनिभिंतींनी हे आपल्याला पुरेसे शिकवले आहे. प्रश्न शेजाऱ्याच्या कानाचाही आहे. गोव्यातल्या हणजुणच्या किनाऱ्यावर पौर्णिमेच्या रात्री जे नाच सुरू झाले, त्यातून 'गोवा ट्रान्स' जगभर गेला. उन्हाने तबकड्या वाकतात म्हणून तिथले डीजे डॅट या डिजिटल टेपांवर वाजवत, ही आठवण आजही आवडीने सांगितली जाते. मात्र त्याच किनाऱ्यावर शेजारच्या घरांत म्हातारी माणसे आणि तान्ही लेकरे झोपू पाहत होती, हेही त्या इतिहासाचेच पान आहे. उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, हा २००० सालचा नियम आपल्याला जाच वाटू नये. बंदिस्त, नीट बांधलेली, मध्यम आकाराची खोली आणि चांगले स्पीकर यांत हे संगीत अधिक खुलते, हे जाणकार जाणतात. आनंद करायचा आणि शेजाऱ्याची झोप राखायची, ही दोन्ही कर्तव्ये एका घरात नांदू शकतात.

तिसरे कर्तव्य जतनाचे. ज्या शिकागोत १९७९ मध्ये एका मैदानात डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवला गेला, त्याच शहराने २०२३ मध्ये 'वेअरहाउस' या क्लबच्या इमारतीला वारसास्थळाचा दर्जा दिला. फ्रँकी नकल्स या डीजेने तिथेच कृष्णवर्णीय आणि समलिंगी तरुणांच्या गर्दीसमोर रात्री जागवल्या होत्या. हाउस संगीताला नावही त्याच जागेवरून मिळाले. मार्च २०२४ मध्ये जर्मनीने बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीला आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत घेतले. कालपर्यंत तळघरात राहिलेल्या गोष्टी अशा वर येतात, त्या कुणीतरी नोंदी ठेवल्या म्हणून. आपल्याकडच्या नोंदींचे काय? अहमदाबादच्या टेपा वाचल्या, कारण त्या एका संस्थेच्या कपाटात होत्या. आजच्या रचना हार्ड डिस्कवर आहेत. हार्ड डिस्क बंद पडते, सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती उघडत नाही, ऑनलाइन खाते मिटते आणि पाच वर्षांचे काम गायब होते. तेव्हा रचणाऱ्याने प्रत्येक पूर्ण ट्रॅक वेव्ह स्वरूपात उतरवून ठेवावा, शेजारी साध्या मजकुरात तारीख, लय, वापरलेली यंत्रे आणि साथीदारांची नावे लिहावीत, एक प्रत दुसऱ्याच्या घरी ठेवावी. आयोजकांनी जाहिरातीची पत्रके जपावीत. आपल्या संगीत महाविद्यालयांनी आणि ग्रंथसंग्रहालयांनी या रचनांसाठीही एक कप्पा मोकळा करावा.

नव्याची पालवी फुटण्याचे हे दिवस आहेत. लवकरच गुढ्या उभारल्या जातील आणि आपण नव्या वर्षाचे संकल्प करू. त्यांत एक लहानसा संकल्प या संगीतासाठी असू द्यावा. न आवडलेला एखादा ट्रॅक लगेच मिटवू नये. काही दिवसांनी परत लावावा, शक्य तर कुणाला सोबत घेऊन. आवडला तर का आवडला आणि नावडला तर कुठे अडले, हे आपल्या भाषेत, आपल्या शब्दांत रचणाऱ्यापर्यंत पोहोचवावे. घरात कुणी रात्री उशिरापर्यंत हेडफोन लावून बसत असेल, तर काय करतोस असे दटावण्याआधी एकदा ऐकव म्हणावे. मुलांच्या खोलीतल्या त्या आवाजाला घरातल्या वडीलधाऱ्यांचा कान मिळणे ही फार मोठी दाद आहे. आणि आपण स्वतः काही रचत असू, तर दुसऱ्याचे ऐकायला आपल्या रियाजाइतकाच वेळ काढावा.

१९८२ मध्ये चरणजित सिंगांकडे सगळे होते, फक्त ऐकणारे पोहोचायला अठ्ठावीस वर्षे लागली. आज तसेच काही आपल्याच गल्लीत रचले जात असेल. त्याचे भवितव्य यंत्रांवर किंवा बाजारावर जितके अवलंबून आहे, तितकेच आपण चौथ्यांदा ऐकायला थांबतो की नाही यावर आहे. या वेळी श्रोता परदेशातून यावा लागू नये, एवढे देणे आपण आपल्या कलावंतांचे लागतो आणि ते फेडणे सर्वस्वी आपल्या हाती आहे.